दोरी, एरंडेल आणि एका मिनिटाचं घड्याळ

स्लूकाठचा_बगळा

परवा गराज आवरताना एक दोरी सापडली. हातभर लांब, एका टोकाला लाकडी मूठ, दुसऱ्या टोकाला गाठ. बायको म्हणाली, टाकून दे. म्हटलं, आधी फोरमवर धागा काढतो, मग बघू.

ही दोरी आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावतात ती, सुरू करायची. फ्लायव्हीलच्या खाचेत गाठ अडकवायची, वेढा द्यायचा आणि जीव खाऊन खेचायचं. माझ्याकडे सात वर्षं अशी मोटर होती आणि ती लावायला एक प्लायवूडची होडी. त्या होडीत बसायला जागा नसते, गुडघ्यांवर टेकून चालवतात. २००९ ते २०१६ मी वॉशिंग्टन राज्यातल्या हौशी शर्यतींत उतरलो. एकही जिंकलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर कोणी विचारलं की वाईट वाटतं.

२००६ साली नोकरीसाठी रेडमंडला आलो. इथे सॅमॅमिश नदी आहे. नदी म्हणायची पद्धत आहे, आपल्याकडच्या माणसाला तो पाटबंधारे खात्याचा कालवा वाटेल. काठाने डांबरी सायकलवाट, बगळे, संध्याकाळी बाबागाड्या घेऊन निघालेलं निम्मं रेडमंड. माझ्या शेजारी एक आजोबा राहायचे. एकदा बरोबर चालत होतो, तर एका वळणाशी थांबून म्हणाले, "इथे मी काठावर चढलो होतो." मला वाटलं पोहून दमले असतील. तर ते होडीसकट चढले होते, पूर्ण वेगात, आणि काठावरचे लोक पांगले होते.

जुने लोक या नदीला 'स्लू' म्हणतात. १९३० च्या दशकापासून इथे आउटबोर्ड बोटींची शर्यत व्हायची. केनमोरहून निघायचं, बॉथेल, वुडिनव्हिल, रेडमंड करत लेक सॅमॅमिश गाठायचं आणि परत यायचं. त्याच्या आधीच, १९१६ साली समुद्राला जोडणारा शिप कॅनाल खणला तेव्हा ही नदी ज्याला मिळते त्या लेक वॉशिंग्टनची पातळी जवळजवळ नऊ फुटांनी उतरली होती, त्यामुळे स्लूचं पाणीही ओसरलेलं. चिंचोळं पात्र, वळणावर वळण, पुलांचे खांब, अर्धवट बुडालेले ओंडके. पुढे १९६० च्या दशकात पूर आवरायला लष्कराच्या अभियंत्यांनी पात्र खोल आणि सरळ केलं. आजोबांच्या मते तिथेच मजा गेली. सरळ पाण्यात मोटर जिंकते, वाकड्या पाण्यात माणूस. १९७६ ची शर्यत शेवटची ठरली.

त्यांच्या गराजमध्ये मर्क्युरी कंपनीची २०एच मोटर अजून स्टँडवर टांगलेली होती. ते तिला आठवड्यातून एकदा हाताने फिरवायचे, बंद पडलेल्या घड्याळाला किल्ली द्यावी तसे.

खडूस_कारकून

बगळेसाहेब, एकही जिंकला नाहीत तर सात वर्षं केलंत काय?

स्लूकाठचा_बगळा

हमाली. खरंच. शनिवारी पहाटे चारला उठायचं, ट्रेलर जोडायचा, तीन तास गाडी हाणायची, तळ्याच्या काठी मोटर, होडी, पेट्रोलचे कॅन, हत्यारं उतरवायची. मग वाट बघायची. एका वर्गाच्या दिवसाला दोन फेऱ्या असतात, त्यांना हीट म्हणतात. एका हीटमध्ये तळ्याला साधारण तीन वळसे. चार मिनिटांत खेळ खलास. म्हणजे दोन दिवसांच्या दगदगीत मी पंधरा-सोळा मिनिटं शर्यत करायचो. बाकी वेळ गुडघाभर पाण्यात उभा राहून दुसऱ्याची होडी धरायची, कारण दुसरा माझी धरतो.

धरायची का, तर या मोटरला न्यूट्रल नसतो. गिअर नाही, क्लच नाही, ब्रेक तर नाहीच. दोरी खेचली, मोटर पेटली की होडी सुटली. म्हणून मागे एक माणूस उभा. तो मागची बाजू उचलून धरतो, मोटर पेटली की सोडतो आणि मग डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून तोंड फिरवतो. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं.

शेवग्याची_शेंग

ब्रेक नाही? मग थांबता कसे? आणि गुडघ्यांवर का? बसून का नाही? (वाचतेय, भारी चाललंय.)

स्लूकाठचा_बगळा

थ्रॉटल म्हणजे एक स्प्रिंगची मूठ असते. दाबलीत तर वेग, सोडलीत तर मोटर गप्प. पाणी हाच ब्रेक. शिवाय कपड्यांना एक वायर अडकवलेली असते. तुम्ही होडीतून उडालात की ती निसटते आणि मोटर बंद होते, म्हणजे रिकामी होडी तुमच्याच अंगावर गोल फिरून येत नाही. अंगात जाडजूड लाइफ जॅकेट आणि केव्हलारच्या विजारी. मागून येणाऱ्याच्या पंख्याने मांडी चिरू नये यासाठी.

गुडघ्यांवर अशासाठी की वजन सतत हलवावं लागतं. हायड्रो जातीची होडी पूर्ण वेगात पाण्याला जेमतेम तीन ठिकाणी टेकते. पुढे दोन बाजूंना दोन पाय म्हणा, आणि मागे अर्धा पाण्याबाहेर असलेला पंखा. मधे पोटाखाली हवा. निघताना पुढे डेकवर लोळण घ्यायची, नाहीतर नाक वर करून ती उभीच राहते. वेग आला की मागे सरकायचं. वळणावर आत झुकायचं. आणि समोरून वारा आला, नाक जरासं उचललं गेलं, तर लगेच पुढे. तिथे चुकलात तर पोटाखालची हवा होडीला पतंगासारखी उचलून उलटी टाकते. माझ्या वर्गात, म्हणजे सी स्टॉक हायड्रोमध्ये, सरळ पट्ट्यावर ताशी ७० मैल सहज जातं. गाडीत ७० मैल म्हणजे झोप येते. पाण्यापासून वीतभर अंतरावर गुडघ्यांवर ७० मैल म्हणजे... सोमवारी ऑफिसात खुर्चीवरून उठताना आई आठवायची.

वर वजनाचा घोळ. होडी, मोटर आणि माणूस मिळून किमान वजन भरावं लागतं, आणि ते शर्यत झाल्यावर मोजतात. मी पडलो किडकिडीत. माझ्या होडीत शिशाचे तुकडे बोल्ट करून ठेवलेले. आयुष्यभर 'खात जा जरा' ऐकलं, पण त्याचा दंड कोणी शिशात भरून घेईल असं वाटलं नव्हतं.

एदोगावाकर

तुमची मोटर यामातो असणार, पैज लावतो.

स्लूकाठचा_बगळा

बरोब्बर! कसं ओळखलंत?

एदोगावाकर

तोक्योत राहतो हो. घरापासून सायकलवर एदोगावाचं क्योतेई, म्हणजे बोट-शर्यतींचं, मैदान आहे. मैदान कसलं, नदीच. यामातो ही इथल्या बोट-शर्यतींची मोटर. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सुमारे ४०० सीसी, तिशीच्या आसपास अश्वशक्ती. तुमच्या हौशी लोकांकडे जी जाते ती बहुधा आमच्या शर्यतींतून निवृत्त झालेली.

इथे मात्र हौस वगैरे काही नाही, सरळ सरकारमान्य जुगार. १९५२ साली नागासाकीजवळच्या ओमुराला सुरू झाला, आता देशभर २४ ठिकाणी चालतो. सहा होड्या, तीन वळसे, एकूण १८०० मीटर. मोटर आणि होडी मैदानाच्या मालकीच्या, कोणाला कुठली ते सोडत काढून ठरवतात. पूर्वी चालक स्वतःचे पंखे ठोकून घडवून आणायचे, २०१२ पासून तेही मैदानाचेच. स्पर्धा चालू असेपर्यंत चालकांना आवारातच राहावं लागतं आणि फोन काढून घेतात. बाया आणि बाप्ये एकाच शर्यतीत. मी पैज कधीच जिंकलेलो नाही, पण सहाही होड्या पहिल्या वळणावर एकाच वेळी वळतात ते बघायला पैसे गेले तरी चालतात.

सुरुवात तुमच्याकडेही घड्याळावरच असते ना?

स्लूकाठचा_बगळा

अहो, सगळी शर्यत तिथेच असते!

बाकीच्यांसाठी सांगतो. धावण्याच्या शर्यतीत सगळे रेषेवर उभे राहतात. या होड्यांना उभं राहता येत नाही. म्हणून चालत्या होड्यांनी सुरुवात. काठावर एक भलंमोठं घड्याळ, त्यावर एकच काटा. तो साठ सेकंद मोजत शून्यावर येतो. तेवढ्या वेळात तुम्ही तळ्यात घिरट्या घालत असता. काटा शून्यावर येईल त्या क्षणी तुम्ही रेषेवर पूर्ण वेगात हवेत. आधी ओलांडलीत तर त्या हीटपुरते बाद. उशीर झाला तर पुढच्यांच्या पाण्याच्या तुऱ्यातून जावं लागतं, समोर पांढरी भिंत, चष्म्यावर मूठमूठ पाणी, कोण कुठे काही दिसत नाही.

एदोगावाकर, तुमच्याकडे शून्यानंतर एका सेकंदाच्या आत यावं लागतं म्हणतात. आमच्याकडे उशिराला मुभा आहे, पण त्याचा फायदा काय?

आजोबांनी मला पहिला महिनाभर होडीला हातच लावू दिला नाही. स्लूच्या काठाने चालायचं, हातात स्टॉपवॉच, समोरचा लाकडी पूल ही रेषा. मी कुठूनही निघायचं आणि मनात मोजून बरोब्बर साठाव्या सेकंदाला पुलाखालून जायचं. वेग कमीजास्त केला की ओरडायचे. सायकलवाले वळून वळून बघायचे. एक ओळखीचे मराठी काका थांबून विचारून गेले, "काही त्रास आहे का?"

आणि तरी माझी सगळ्यात चांगली शर्यत घड्याळातच गेली. २०१२, पहिली हीट, बाहेरची बाजू, पाणी आरशासारखं. सगळ्यांच्या आधी रेषेवर. पहिलं वळण मोकळं, पुढे कोणी नाही, तीन वळसे एकटा. आयुष्यात पहिल्यांदा मागे वळून बघितलं. शेवटी चौकड्यांचा झेंडा माझ्यासाठी हललाच नाही, मागच्यासाठी हलला. मी अर्धा सेकंद लवकर गेलो होतो. पहिल्याला ४०० गुण, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला २२५, चौथ्याला १६९. माझा भोपळा.

चौपाटीवाला

मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हला पी-वन पॉवरबोटींची शर्यत झाली होती, आठवतेय का कोणाला? आम्ही कठड्यावर बसून बघितली. एकेका बोटीला २५० अश्वशक्तीची आउटबोर्ड. आवाज झकास, पण बोटी इतक्या लांब की बिस्किटाएवढ्या दिसत होत्या. पुढच्या वर्षी आंध्रातल्या अमरावतीला कृष्णेवर फॉर्म्युला वनच्या बोटी आल्या. त्याही आउटबोर्डच. पण हे सगळं पैसेवाल्यांचं. बगळोबा, तुमच्याकडे साधा माणूस हे करू शकतो ते कसं?

स्लूकाठचा_बगळा

कारण 'स्टॉक' या शब्दाला तिथे देवाचं स्थान आहे. मोटर कारखान्यातून निघाली तशीच हवी. शर्यत झाली की पहिल्या काहींच्या मोटरी तिथल्या तिथे उघडतात. पोर्ट मोजतात, रीड बघतात, पिस्टन बघतात. कानशीने हात फिरवलेला दिसला की बाद. त्यामुळे पैसा ओतून फारसं काही साधत नाही. माझी होडी, मोटर आणि ट्रेलर मिळून माझ्या जुन्या कोरोलापेक्षा स्वस्त पडले. होडी तर आजोबांच्या गराजमध्ये आम्ही दोघांनी बांधली. हिवाळाभर इपॉक्सीचा वास.

वासावरून आठवलं. 'प्रो' म्हणून एक वेगळा वर्ग असतो. नाव प्रो, पण माणसं हौशीच. त्यांच्या मोटरी मिथेनॉलवर चालतात आणि वंगणाला त्यात एरंडेल घालतात. हो, तेच ते. मिथेनॉलमध्ये साधं तेल नीट मिसळत नाही, एरंडेल मिसळतं. पहिल्यांदा त्या मोटरी पेटल्या आणि धूर काठावर आला तेव्हा सगळे गोरे डोळे मिटून 'आहाहा' करत होते आणि माझ्या पोटात ढवळलं. रविवार सकाळ, आजी, चमचा, नाक दाबून धरलेलं. अमेरिकेतल्या तळ्याकाठी माझे पाय आपोआप संडासाची दिशा शोधायला लागले.

शेवग्याची_शेंग

=)) =)) चहा सांडला कीबोर्डवर.

खडूस_कारकून

आणि ते एरंडेल बहुधा आपल्या गुजरातचंच असणार. जगातलं बहुतेक एरंडेल तिथूनच जातं.

हिरवी_मिरची

रंगात भंग करते, सॉरी. पण कार्ब्युरेटरवाल्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरी पाव हिस्सा इंधन न जाळताच बाहेर टाकतात. म्हणजे तळ्यात. वर कानठळ्या. तळ्याकाठी राहणाऱ्यांनी काय करायचं? शनिवारी सकाळी बगळे बघायचे की तुम्हाला?

स्लूकाठचा_बगळा

सॉरी कशाला, बरोबर आहे तुमचं. माझ्याकडे याचं उत्तर नाही. वर्षातले दोन दिवस असतात, असं आम्ही म्हणायचो. पण ज्याच्या तळ्यात ते दोन दिवस असतात त्याला ते पुरतात.

तळी तशीच कमी होत गेली. आजोबांच्या तरुणपणी काठावर झाडं आणि दोन-चार झोपड्या होत्या, आता लाखो डॉलरांची घरं आहेत. एका तळ्यावर आम्ही परवानगी मागायला गेलो, तर रहिवाशांच्या बैठकीत एक बाई शांतपणे म्हणाल्या, तुम्ही खेळा, पण माझ्या खिडकीतून दिसू नका. तिथली शर्यत त्या वर्षीपासून बंद. दुसऱ्या तळ्यात पाणवेल इतकी माजली की पंख्यात गुंतून चार मोटरी गरम होऊन अडकल्या. विमा महागला. पण सगळ्यात मोठी अडचण माणसांची. पिटमध्ये, म्हणजे काठावर जिथे होड्या तयार करतात तिथे, माझ्या आसपासचे सगळे साठीचे. लहान मुलांसाठी 'जे' नावाचा वर्ग आहे, नवव्या वर्षापासून चालवू देतात, मोटरचा गळा आवळून वेग कमी केलेला असतो. पण नऊ वर्षांच्या पोराला शनिवारी पहाटे चारला उठवून दाखवा.

सुटे भाग हे वेगळंच रडगाणं. एव्हिन्रुड म्हणजे आउटबोर्डचा मूळ पुरुष. ओले एव्हिन्रुड नावाच्या नॉर्वेजियन माणसाने १९०९ साली मिलवॉकीत विकायला काढलेली दीड अश्वशक्तीची मोटर. ती ज्या ओएमसीच्या छत्राखाली होती ती कंपनी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोर झाली, पुढच्या मालकांनी २०२० साली एव्हिन्रुड मोटरी बनवणंच थांबवलं. मर्क्युरीचंही तेच, २०एचचा पिस्टन हवा असेल तर कोणीतरी म्हातारा मरायची वाट बघावी लागते. क्रूर वाटेल, पण पिटमध्ये लोक असंच बोलतात, म्हातारेसुद्धा.

दर्याकिनारी

बगळेभाऊ, मी मालवणचा. आमच्याकडे आउटबोर्ड म्हणजे नुसती 'मशीन'. लहानपणी आजोबांची ९.९ अश्वशक्तीची होती, पेट्रोलवर सुरू करायची आणि गरम झाली की रॉकेलवर घ्यायची. त्यालाही दोरीच. आजो म्हणायचो, "दोरी आंगान ओढू नको, मनान ओढ." आजवर त्याचा अर्थ कळलेला नाही, पण तो ओढायचा तेव्हा पहिल्या झटक्याला लागायची आणि मी ओढली की खांदा उतरायचा.

शर्यतबिर्यत कोणी लावत नसे. मात्र संध्याकाळी जाळी भरून परत येताना दोन होड्या बाजूबाजूला आल्या की कोणीच मूठ सैल करत नसे. लिलावाला जो आधी पोचला त्याच्या माशाला भाव. त्यात एकदा आमची होडी लाटेवर आपटून मशीन फळीसकट समुद्रात गेली. आजोबा तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

तुमची कधी बुडली का?

स्लूकाठचा_बगळा

बुडली एकदा. विशेष काही नाही. वाऱ्याने उचललं, उलटलो, भिजलो.

बगळ्याची_बायको

या धाग्यासाठी आज खास आयडी काढलाय. 'विशेष काही नाही' वाचून राहवलं नाही.

आधी किरकोळ गोष्ट. २०१२ साली तो अर्धा सेकंद नाही, दोन सेकंद आधी गेला होता. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं.

आता २०१३. मी काठावर, मुलगी कडेवर, दोन वर्षांची. आठ होड्या होत्या. आवाजावरून मला ह्याची मोटर ओळखू यायची, हे त्याला माहीत नाही. थोडी घोगरी होती. दुसऱ्या वळशात पलीकडच्या सरळ पट्ट्यावर ती घोगरी मोटर एकदम किंचाळली. पंखा पाण्याबाहेर आला की मोटर तशी किंचाळते. आणि मग ती बंद झाली. लाल झेंडा लागला. लाल झेंडा लागला की बाकीचे थ्रॉटल सोडतात. सहा, पाच, चार, एकेक मोटर गप्प होत गेली आणि सगळं तळं शांत झालं. इतकं शांत की पलीकडच्या घरात कोणीतरी लॉनमोअर चालवत होतं ते ऐकू आलं. मी ते अजून ऐकते. बचावाची बोट निघाली. मला होडीचा उलटा तळ दिसत होता, लाल हेल्मेट दिसत नव्हतं. शेजारचे आजोबा माझ्या बाजूला उभे होते. ते घड्याळाकडे बघून पुटपुटत मोजत होते. मी त्यांना ओरडले, बंद करा. ते म्हणाले, मोजू दे, नाहीतर मला आणखी काही सुचेल.

सव्वीसला हेल्मेट वर आलं. खांदा निखळला होता, दोन बरगड्या. ह्याने वर केलेला हात मला आधी मदतीसाठी वाटला. तो मी ठीक आहे म्हणून करायचा असतो, तसा नियम आहे.

त्यानंतर हा आणखी तीन वर्षं उतरला आणि मी प्रत्येक वेळी गेले. घड्याळ मीच धरायचे. आजोबा २०१६ च्या हिवाळ्यात गेले. त्यांची २०एच आमच्या गराजमध्ये आहे. दोरी तिचीच आहे, मी टाकून दे म्हणाले कारण ती कुजलीय. नवी आणून ठेवलीय, तिथेच खिळ्याला. ह्याला दिसली नसणार.

शेवग्याची_शेंग

काय लिहू...

एदोगावाकर

वहिनी, नमस्कार.

दर्याकिनारी

वहिनी, देवान राखल्यान. बरगडी भरता, काय नाय. पण एक विचारतंय, राग मानू नका. मशीन वाचला काय?

स्लूकाठचा_बगळा

वाचली! मला ॲम्ब्युलन्समध्ये घालत होते तेव्हा आजोबा होडीकडे धावले. मोटर बुडाली की पहिला अर्धा तास महत्त्वाचा, नंतर आतून गंज धरतो. स्पार्क प्लग काढले, मोटर उलटी करून दोरीने फिरवत सगळं पाणी ओकायला लावलं, आत अल्कोहोल ओतलं, परत फिरवलं, मग तेल, कोरडे प्लग, आणि पेटवून दहा मिनिटं चालवून वाळवली. पिटमधल्या एकाची मोटर सकाळी अडकली होती. आजोबांनी माझी काढून त्याच्या होडीला लावली.

दुसऱ्या हीटला तिसरी आली. २२५ गुण. माझ्या मोटरीचा तो सगळ्यात वरचा नंबर, आणि मी तेव्हा एक्स-रेच्या रांगेत होतो.